जानकीबाईंची हिरवी पूड

माझा नवरा वर्षानुवर्षं रोज सकाळी डबा घेऊन एका बाईकडे जात असे आणि संध्याकाळी तिच्याबद्दल बोलत घरी येत असे. डबा मी भरून देत होते. बाई शास्त्रज्ञ होती आणि नवरा तिच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, त्यामुळे यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही असं आता म्हणायची पद्धत आहे. मला दिसत होतं.

ती बाई, जानकीबाई राव, गेल्या महिन्यात वारली. तिच्या भाच्याचा फोन आला. मी ‘बरं’ म्हटलं आणि उरलेली गवार निवडून टाकली. तोंडावर मी तिला नेहमी अहो-जाहो करत आले. इथे करणार नाही.

नवरा वारल्यापासून माझ्या मुलाकडे, सुनीलकडे, चेन्नैजवळ ओरगडमला मी राहते. तो मोटारींच्या कारखान्यात आहे. माझ्या कपाटात एक काचेची बरणी आहे. बरणीत बिस्किटाएवढी एक काळी चकती, तिच्याखाली ओल शोषणाऱ्या खड्यांची पुडी, आणि झाकणाभोवती मेण. नात इरा त्या दिवशी बरणी हलवून बघत होती. “पाटी, हे चॉकलेट आहे का?” पाटी म्हणजे आजी. मराठी तिला कळतं, तोंडात मात्र तमिळच येतं.

“चॉकलेट नाही. ठेव खाली. उघडायची नाही.”

“का?”

“ओल लागली तर मरते.”

हे माझं वाक्य नव्हे. ह्यांचं आहे. आणि ह्यांनी ते जानकीबाईकडून घेतलेलं. आमच्या घरात अशी पुष्कळ वाक्यं आहेत, जी त्या बाईच्या तोंडातून निघून आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत आली.

आम्ही मूळचे कऱ्हाडकडचे. हे फिटरचं काम शिकले होते. चेन्नैच्या एका संस्थेत जागा निघाली म्हणून आलो आणि वेळचेरीत तळमजल्यावर भाड्याचं घर घेतलं. मला तमिळ येत नव्हतं, चौथीपर्यंतच्या शाळेत इंग्रजी नव्हतं. दुपारभर भिंतीशी बोलायचं, एवढंच उरलं. आणि ह्यांना पहिल्याच आठवड्यात मराठी बोलणारी साहेबीण मिळाली. नशीब म्हणतात ते असं वाटलं जातं.

जानकीबाई तंजावरच्या मराठ्यांपैकी. त्या लोकांचे वाडवडील कधीकाळी इकडे आले आणि इकडचेच झाले. तिची मराठी ऐकली तर आमची पणजी तमिळ सुरात बोलतेय असं वाटे. ‘सगळं’ला ती ‘अस्कें’ म्हणे. वाक्य शेवटाला वर चढे. हे एकदा ती मराठी घेऊन घरी आले आणि मला म्हणाले, “आज भाजी बरी झाली हो, अस्की संपली.” मी म्हटलं, “अस्की घेऊन तिकडेच जेवा.”

दिसायला ती काटकुळी, काळीसावळी. सुंगुडीचं, ठिपक्याठिपक्यांचं सुती लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलेलं, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि केसांत रोज मोगऱ्याचा ताजा गजरा. हातात घड्याळ नाही. तिच्या चुंबकांनी दोन घड्याळं बंद पाडली होती, तिसरं तिनं घेतलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, “वेळ किती?” कुणी म्हणालं, झाले असतील साडेदहा, तर म्हणायची, “झाले असतील म्हणजे किती?” कॉफी आली की वाटीसारख्या डबऱ्यातून पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात असं ओतत उभी राहायची आणि ती गार झाली की तशीच ठेवून द्यायची. हे सगळं मला कसं माहीत? ह्यांनी सांगितलं. माझ्या केसांत काय होतं, मी कॉफी पीत होते की चहा, हे ह्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिचा एक शब्द होता. “किती?” कुणी म्हणालं, भट्टी फार तापली, की तिचं “किती?” तार जरा सैल आहे. “किती सैल?” मोजल्याशिवाय सांगितलेलं ती ऐकून घेत नसे. “मापलें कां? मग मापून सांगा.” हे मलाही तसंच करायला लागले. मी म्हणायची, पाठ दुखतेय. हे म्हणायचे, किती? मी म्हणायची, सुनीलला ताप आहे. हे म्हणायचे, मापलास का? एकदा आमटीत मीठ जास्त झालंय असं हेच बोलले. मी विचारलं, “किती?” तर गप्प जेवले. तेवढा एकच डाव मी जिंकला.

काम काय करायचे दोघं, हे मला बरीच वर्षं धड माहीत नव्हतं. संध्याकाळी नखं काळी असायची, कधी हिरवी. मी म्हणायची, तिथे पुड्या वाटायला ठेवलंय का तुम्हाला? तर खरंच तेच होतं. दगडी खलात पूड खलायची, दाबून तिची चकती करायची, भट्टीत भाजायची, परत फोडायची, परत खलायची. शेवटी भट्टी इतकी हळूहळू निववायची की त्यात आठवडा जायचा. एवढं करून त्या चकतीला तारा जोडून ती थंड करायची आणि वीज जाताना किती अडते ते बघायचं.

एक दिवस हे पेढे घेऊन आले. मला वाटलं बढती मिळाली. म्हणाले, “आज शून्य आलं!”

“काय आलं?”

“शून्य. विजेला अडथळा शून्य. काटा सरळ खाली बसला. बाईंनी तीन वेळा मापायला लावलं. शून्यच!”

आमच्या शाळेत शून्याला छडी मिळायची. शून्य आलं म्हणून पेढे वाटणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. पेढा मी खाल्ला, चांगला होता. पण सुनील झाला तेव्हा ह्यांनी साखर आणली होती, पेढे नव्हते आणले. हेही लक्षात राहिलं.

वर्षातून एकदा ती संस्था बाहेरच्या लोकांना आत सोडत असे. एका वर्षी मी गेले. दारातच जानकीबाई उभी. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “वैनी, सेफ्टी पिना बाहेर.” मी मंगळसूत्रात तीन-चार पिना अडकवत असे, बांगडीत एक. आपल्याकडच्या बायका अडकवतातच. ती म्हणाली, “आंत चुंबक आहेत. पिना ओढतील, पिनांसवें मंगळसूत्र, मंगळसूत्रासवें तुम्ही.” लोक हसले. मी पिना काढून एका पुठ्ठ्यावर ठेवल्या. तिच्या पदराला पिन नव्हती, सुती दोरीनं बांधलेला होता.

आत टेबलावर थर्मोकोलचं भांडं. त्यात ती काळी चकती, तिच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा, पुठ्ठ्यावर बोराएवढा चुंबक. ह्यांनी मोठ्या थर्मासातून धूर येणारं पाणी ओतलं. ते पाणी नव्हे, पातळ केलेला नायट्रोजन. बोट घातलं तर बोट जाईल इतका थंड. आणि या चकतीला म्हणतात ‘उच्च तापमानाचा अतिवाहक’. मी म्हटलं, “एवढ्या थंडीला उच्च कोण म्हणतं?”

जानकीबाई खूश झाली. “बरें विचारलेंत! आधींचे अतिवाहक याहून कितीतरी थंड लागत. त्यांच्या मानानें हा उन्हाळा.”

मग तिनं लाकडी चिमट्यानं पुठ्ठा काढून घेतला. चुंबक होता तिथेच राहिला. हवेत. खाली काही नाही. पोरांनी आरडाओरडा केला. तिनं चिमट्यानं चुंबक धरून वर उचलला, तर खालची चकती सुटी सुटी, न चिकटता, त्याच्यामागे वर आली. मधे बोटभर फट. माझ्या अंगावर काटा आला, हे मी त्या दिवशी सांगितलं नव्हतं.

“हें कसें होतें सांगूं?” ती मला म्हणाली. “चुंबकाच्या रेषा असतात, डोळ्यांस न दिसणाऱ्या. चकती निर्मळ असती तर त्या रेषा आंत मोकळ्या सरकल्या असत्या. रेषा सरकल्या कीं वीज अडते, चकती तापते, अस्कें संपतें. म्हणून मी चकतींत घाण घालतें. मुद्दाम.”

“कसली घाण?”

तिनं बाटली दाखवली. हिरवी पूड, मेंदीहून बारीक. “ही. तुमचे दत्ताराव खलतात. जिथें ही पूड, तिथें रेषा रुतते. रुतली कीं हालत नाही. ती हालली नाही तरच वीज मोकळी धावते.”

“म्हणजे एकाला मोकळं धावायचं असेल तर दुसऱ्याला जागेवर रुतवून ठेवायचं.”

“सेरी!” ती म्हणाली. म्हणजे बरोबर. “वैनींस कळलें. आमच्या मुलांस कळायला वर्ष लागतें.”

मला कौतुक नको होतं. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे थर्मास घेऊन उभे होते आणि त्या लोंबणाऱ्या चकतीकडे बघत होते. तोंड असं उजळलेलं, की ते तोंड माझ्या ओळखीचं नव्हतं. लग्नातही ते असं नव्हतं. बाई चकतीकडे बघत होती, हे चकतीकडे बघत होते, दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

“आणि गरम झाल्यावर?” मी विचारलं.

“पडते,” ती आनंदानं म्हणाली.

थोड्या वेळानं पडलीच. मी माझ्या पिना गोळा केल्या आणि घरी आले.

तिचं लग्न झालेलं नव्हतं. भावाकडे नुंगंबाक्कमला राहायची. एका गौरीला ती आमच्याकडे जेवायला आली होती. पुरणपोळी वाढली तर पोळी उजेडाकडे धरून बघितली. “पूरण कडेपर्यंत सारखें गेलें आहे. कसें केलेंत?” मी म्हटलं, हातानं. मग मीच विचारलं, सरळ. “बाई, लग्न का नाही केलंत?”

ह्यांना ठसका लागला. ती हसली. “दोघे आले होते पाहायला. एकानें विचारलें, स्वयंपाक येतो कां. मी म्हटलें, येतो, हजार अंशांवर.”

“आणि दुसरा?”

“दुसऱ्यानें काहीं विचारलेंच नाही. जो विचारत नाही त्यासवें बोलायचें काय?”

हे एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. मी पोळ्या आणायला आत गेले. ह्या घरात मी विनोद करत नव्हते असं नाही. करत होते. त्यावर हे पेपर उलटत असत. जानकीबाई निघताना मला म्हणाली, “दत्ताराव सांगतात, वैनी बोलतात तें सुरीसारखें.” म्हणजे हे माझ्याबद्दल तिथे बोलत होते! मला बरं वाटलं, आणि लगेच राग आला. माझ्याबद्दलचं बोलणंही तिलाच मिळालं होतं.

मग पूर आला त्या वर्षीची गोष्ट. वेळचेरी म्हणजे तळ्यातच बांधलेली वस्ती. सकाळी रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं, दहापर्यंत उंबऱ्याशी आलं. वीज गेली. हे दारात उभे राहून म्हणाले, “भट्टीत चकत्या आहेत. निवायला ठेवलेल्या. जनरेटर चालला पाहिजे.”

“घरात पाणी येतंय.”

“लगेच येतो.”

आणि गेले. पुढच्या सखल रस्त्यावरच्या कमरेएवढ्या पाण्यातून. मी तांदळाचा डबा, अंथरुणं, सुनीलची पुस्तकं, सगळं माळ्यावर चढवलं आणि सुनीलला घेऊन ओट्यावर बसून राहिले. पाणी गुडघ्यापर्यंत येऊन थांबलं. दुपार उलटून गेल्यावर दारात आवाज झाला. पुढे जानकीबाई, मागे हे. तिच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे, पाव, मेणबत्त्या. बूट गळ्यात बांधलेले. गजरा मात्र होता, भिजून लोंबत होता. हे मागे मान खाली घालून. जनरेटरमध्ये पाणी शिरलं होतं, चकत्या गेल्या होत्या. ह्यांचे डोळे लाल होते. माळ्यावर चढवलेल्या पुस्तकांकडे ह्यांनी बघितलंही नाही.

ती माझ्यासमोर ह्यांना ओरडली. “मीं बोलावलें होतें कां तुम्हांस? घरीं बाई एकटी, लेकरूं, दारांत पाणी, आणि तुम्ही चकत्या पाहायला येतां? चकत्या पुन्हां होतात! अय्यो, कसला माणूस तुम्ही!”

“चुकलं,” हे म्हणाले. “पुन्हा नाही असं करणार.”

आणि नाही केलं. त्यानंतर जरा पाऊस लागला तरी हे घरी राहायचे. चेन्नैला आल्यापासून मी हेच सांगत होते, की आधी घर बघा. माझं सांगणं पाण्यात जायचं. तिनं एकदा ओरडून सांगितलं आणि ह्यांनी ऐकलं. ती माझ्या बाजूनं बोलली, पाव घेऊन आली, वागली चांगली. मग तिचा राग तरी कुठे काढायचा? मी तिला म्हटलं, “बसा, चहा करते.” चूल पाण्यात होती. ती म्हणाली, “कसा कराल?” आणि पहिल्यांदाच मीही हसले. पण ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

आता खरी गोष्ट. मला गावी परत जायचं होतं. कऱ्हाडजवळ आमच्या वाट्याची जागा होती. तिच्यावर मी मागे लागून दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या, पुढे ओटा, मागे शेवग्याचं झाड. माझी बहीण शेजारच्या गल्लीत. ठरलं होतं, हे निवृत्त झाले की जायचं. सुनीलला नोकरी लागली होती. ह्यांचा निरोपसमारंभ झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे डबा मागायला आले.

“कसला डबा?”

“बाईंनी थांबायला सांगितलंय. थोडे दिवस. नवीन माणसाला पूड खलता येत नाही.”

थोडे दिवस म्हणता पावसाळा गेला. दिवाळी गेली, पोंगल गेला. विचारलं की एकच उत्तर, बाई सोडत नाहीत. बहिणीचा फोन यायचा, “अगं, खोल्यांना वाळवी लागतेय, येताय कधी?” मी काय सांगणार, एक बाई माझा माणूस सोडत नाही म्हणून? एक दिवस मी चप्पल घातली, गावच्या घराची किल्ली घेतली आणि निघाले. तिला ती किल्ली दाखवायची होती. म्हणायचं होतं, हे बघ, माझं घर आहे, मला तिथे माझ्या माणसाबरोबर राहायचंय, दे सोडून.

प्रयोगशाळेत ती एकटीच होती. हे नायट्रोजन आणायला गेले होते. ती खलात हिरवी पूड खलत बसली होती. नजर वर न करता म्हणाली, “या वैनी. बसा. थांबलें तर पुडींत खडे राहतील.”

मी बसले नाही. “बाई, मी सरळ सांगते. मला गावी जायचंय. ही बघा माझ्या घराची किल्ली.” आणि किल्ली टेबलावर आपटली.

आपटली म्हणजे आपटायला गेले. ती टेबलापर्यंत पोचलीच नाही. माझ्या हातातून सुटली, हवेतून आडवी गेली आणि कोपऱ्यातल्या चुंबकाला खाडकन जाऊन बसली. मोठी जुनी पोलादी किल्ली, वीतभर. मी ओढली, निघेना. बाईनं खल ठेवला. “अशी नाही, बोट चिरडेल.” तिनं लाकडी पाचर घातली, मी किल्ली धरली. “आतां आडवी सरकवा. वर ओढूं नका.” दोघींनी पाय रोवून जोर लावला. किल्ली सुटली तशी मी मागच्या स्टुलावर बसले, आणि ती खाली फरशीवर. ती हसत सुटली. मी नाही हसले. मी भांडायला आले होते.

“माझा माणूस सोडा,” मी म्हटलं.

ती खाली बसूनच माझ्याकडे बघत राहिली. हसू गेलं. “मीं धरलें कुठें?”

“हे सांगतात, तुम्ही सोडत नाही.”

“मीं?” ती उठली, लुगडं झटकलं. “वैनी, मीं त्यांस निरोपाच्या दिवशींच सांगितलें, आतां गांवीं जा. नवा मुलगा पूड बरी खलतो. दत्ताराव म्हणाले, वैनींस चेन्नै आवडते, वैनी यायला तयार नाहीत, घरीं बसून करूं काय.”

मी किल्ली हातात घट्ट धरून बसले. ती माझ्या माणसाला धरून ठेवणारी बाई आहे, या रागावर मी इतके दिवस जगत होते. आता कळलं की तिनं धरलंच नव्हतं. हेच रुतले होते. तिला सोडायला सांगून उपयोग नव्हता, तिच्या हातात काही नव्हतं. ती मला वाईट बाई म्हणूनसुद्धा मिळाली नाही.

दार ढकलून हे आत आले. हातगाडीवर नायट्रोजनचा ड्रम. मला बघितलं, तिला बघितलं, माझ्या हातातली किल्ली बघितली. ड्रम सोडला नाही.

जानकीबाई अगदी शांतपणे म्हणाली, “दत्ताराव, वैनींस चेन्नै आवडते म्हणालांत. किती आवडते?”

ह्यांनी ड्रमची झडप चाचपली.

“मापलें कां?”

“नाही,” हे म्हणाले.

“मग मापून सांगा. वैनी समोर आहेत.”

हे माझ्याकडे वळले. माणूस म्हातारा झालेला मला त्या क्षणी दिसला. म्हणाले, “तुला कधी जायचंय?”

“निरोपाच्या दुसऱ्या दिवशी जायचं होतं.”

“उद्यापासून येऊं नका,” जानकीबाई म्हणाली. खल पुढे ओढला आणि पुन्हा खलायला लागली. “जातांना तेवढा ड्रम लावून द्या.”

ह्यांनी ड्रम जागेवर लावला, नळी जोडली, झडप दोनदा तपासली. मग भट्टीशेजारचा आपला टॉवेल काढून घेतला. तिनं मान वर केली नाही. आम्ही घरी आलो. मी जिंकले होते. पण मला माझा माणूस तिनं दिला होता, आणि दिलेली वस्तू घेताना हात खाली राहतो. लोक म्हणतील, एवढं कशाला लावून घ्यायचं. ज्यांना लावून घ्यायचं नसेल त्यांनी घेऊ नये.

सेंट्रल स्टेशनवर ती आली होती. सुनीलनं सामान चढवलं आणि तो पाण्याच्या बाटल्या आणायला गेला. आम्हाला खिडकीची जागा होती. ती पुळियोदरै घेऊन आली, म्हणजे चिंचेचा भात, केळीच्या पानात बांधलेला. आणि ती बरणी. बरणी तिनं ह्यांना दिली नाही, माझ्या हातात दिली. “वैनी, ही त्यांनीं केलेल्यांतली अस्क्यांत बरी. ओल लागूं देऊं नका. ओल लागली तर मरते.”

“मी कशाला सांभाळू?”

“ते उघडून पाहतील. तुम्ही उघडणार नाही.”

ओळखत होती मला. तेही मला आवडलं नाही.

ह्यांच्याशी ती फारसं बोललीच नाही. “वेळ किती?” म्हणून विचारलं. हे म्हणाले, “गाडी सुटायला चार मिनिटं.” ती म्हणाली, “सेरी.” मग मला म्हणाली, “यांस गांवीं कांहींतरी मापायला द्या. नाहींतर भांडतील.” पुढे गावी ह्यांनी विहिरीचं पाणी मापलं, शेवग्याच्या शेंगा मापल्या, शेजाऱ्याच्या म्हशीचा ताप मापला, तेव्हा मला हे वाक्य आठवायचं. जाईपर्यंत काही ना काही मापतच होते.

गाडी सुटायच्या आधीच ती वळली. निरोप द्यायला थांबणारी बाई नव्हती. हमाल, गाठोडी, माणसं यांतून ती सरळ चालत गेली, कॅनव्हासचे बूट, वर घेतलेलं लुगडं, मोगऱ्याचा गजरा. रडत होती की नाही हे पाठीवरून कळत नाही. खांबापाशी एक माणूस उभा होता, त्याला तिनं काहीतरी विचारलं. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग ती माणसांत मिसळली. मी तिला पाहिलं ते शेवटचं.

हे खिडकीशी बसून त्याच दिशेला बघत होते. गाडी हलली, फलाट मागे गेला, रंग उडालेल्या भिंती आणि सिग्नल आले तरी बघत होते. मी त्यांच्या अंगावरून हात पुढे केला आणि खिडकीचं शटर खाली ओढलं.

“काय झालं?” हे म्हणाले.

“ऊन लागतंय.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं.

“किती?” ह्यांनी विचारलं.